अबोली की राणी?

सबमिशन संपलं त्या रविवारी रूमवरच्या सगळ्या घोरत होत्या आणि अस्मादिक सकाळी सकाळी ऐरोलीच्या खाडीवर! निमित्त आजी. ती ठाण्याला राहते. काचबिंदूनं तिची नजर गेली तेव्हापासून मी कुठेही निघाले की तिचा एकच हुकूम, "नीट बघ आणि आल्यावर मला सांग."

ठाणे खाडीतलं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. इथली बोट घड्याळाला नाही, भरती-ओहोटीला विचारून सुटते. बाजूला तिवरांची दाटी. चिखलात लाल काटकुळ्या तंगड्यांचे शेकाटे. (हे नाव बोटीवरच्या काकांचं. मी कॉन्व्हेंटची, मला 'स्टिल्ट' तेवढं ठाऊक!) आणि पुढे एकदम गुलाबी पट्टाच. "रोहित," काका म्हणाले. आमच्या वर्गात तीन रोहित आहेत, पण हे शेकड्यांनी होते!

सगळ्यांची डोकी उलटी, चोची पाण्यात. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून पाणी बाहेर जातं, शेवाळ आत राहतं. आमच्या लॅबमधला फिल्टर आठवला. तो कायम चोंदलेला असतो. पिल्लू जन्मतः करडं असतं, गुलाबी रंग खाण्यातून चढतो. आणि खाडीतलं शेवाळ पोसतं कशावर, तर शहराच्या सांडपाण्यावरही! यावर खूश व्हावं की लाजावं, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी आजीसमोर बसले. "आजी, फ्लेमिंगो म्हणजे रोहित पाहिले. मस्त पिंक होते."

"पिंक म्हणजे? अबोली, गुलबक्षी की राणी?"

झाली का पंचाईत! मराठीत मला एकच गुलाबी येतो. मी चोच समजावली, पंप समजावला, हातवारेसुद्धा केले (कोणासाठी, देव जाणे). तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच, "रंग सांग गं."

शेवटी म्हणाली, "कपाट उघड. मधल्या कप्प्यात वरून तिसरी साडी. ती अबोली."

मी ती खिडकीशी नेली. "नाही आजी, ही केशरीकडे झुकतेय."

"मग खालची काढ."

चौथीची घडी मोडली. अंग फिकं, काठ गडद. "हीच! अंगाला असा रंग, आणि पंखाला हा काठ!"

आजीनं पदर मांडीवर ओढून घेतला. काठावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि असे किती होते म्हणालीस?"