पाठीवरची पिशवी

कोट अंगाचे माप देऊन शिवून घ्यावा, जोडा चार पावले चालून पाहिल्यावाचून घेऊ नये, असे बजावणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात असतात. पाठीवरची पिशवी मात्र आपण रंग आणि कप्पे पाहून विकत घेतो. जी वस्तू दिवसभर अंगाला बिलगून राहावयाची, तिचा मान कोटाहून कमी का असावा? पन्नाशी उलटल्यावर ज्याला डोंगर आणि छायाचित्रण असे दोन छंद एकदम जडले, त्याला तरी हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

आमच्या नाशिकभोवती डोंगरांना तोटा नाही. रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर. सकाळी निघावे, दिवेलागणीला घरी यावे. अशा दिवसाला दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, शिदोरी, पावसाळ्यात रेनकोट. आणि कॅमेरा व लांब पल्ल्याची लेन्स यांचे आणखी दोन-अडीच किलो. पंचवीस लिटरांची सॅक याला पुरते. मोठी घेतली की रिकामी जागा घरच्या माळ्याप्रमाणे आपोआप भरते.

हा भार तोलावयाचा कोणी? खांद्यांवर सोपविला तर दुपारपर्यंत मान धरते. कमरेचा पट्टा रुंद असून हाडांवर नीट बसला, तर तो भार पायांकडे जातो. म्हणून मानेखालच्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजून घ्यावी, आणि आपला कॅमेरा व भरलेल्या बाटल्या घालून दुकानातच फेऱ्या माराव्यात. दुकानदार हसला तर हसू द्यावे. जड लेन्स पाठीलगत, मध्यावर राहावी. बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढू लागते.

पुढची परीक्षा डोंगर घेतो. हरिहरच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या. बोटे अडकविण्यासाठी कडेला खोबणी. तेथे दोन्ही हात मोकळे हवेत. गळ्यातला कॅमेरा कातळावर आपटतो. छातीशी बांधलेली पेटी पाय ठेवावयाची पायरीच झाकते. वर कातळाच्या पोटात कोरलेल्या वाटेने वाकून जाताना मानेवर आलेली सॅक छताला घासते. म्हणजे सॅक अरुंद, बुटकी आणि घट्ट मिटलेली हवी. उलट अंजनेरीच्या पठारावर गिधाड माथ्यावरून तरंगत जाते, तेव्हा तीच सॅक क्षणात उघडावी लागते. सामान उपसेपर्यंत पक्षी कड्याआड जातो. एका खांद्यावरून पुढे फिरवून बाजूने उघडता येईल अशी सॅक या दोन्ही मागण्या पुरविते.

तथापि कोणतीही सॅक एक प्रश्न सोडवीत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अंजनेरीवर गिधाडे असतात, तशीच त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जातही फुलते. पक्ष्याला एक लेन्स, फुलाला दुसरी. दोन्ही घेतल्या तर उतरताना गुडघे जाब विचारतात, आणि थकलेला डोळा धड काहीच पाहत नाही. तरुणपणी माणूस सगळे बरोबर घेऊन निघतो. या वयात निवडावे लागते. म्हणून आदल्या रात्री घरातून प्रश्न येतो, “उद्या फूल की पाखरू?” उत्तर दिल्याखेरीज माझी सॅक भरली जात नाही. न नेलेली लेन्स कपाटात राहते, आणि जे पाहावयाचे ठरले ते त्या दिवशी पुरते पाहून होते.