अधारीचं पाणी

बहारीनचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे चालतं, पाकिस्तानपेक्षा दोन तास. ७ मे २०२५ रोजी रात्री एक वाजून गेल्यावर पाकिस्तानविरुद्ध भारताचं ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं तेव्हा मुंबई-पुणं गाढ झोपेत होतं, आणि इकडे बहारीनच्या झिंज भागात आमची नुकती कुठे निजानीज चालली होती. आमची तारीखसुद्धा अजून ६ मेच होती. गावाकडची बातमी आपल्याला नेहमी शिळी होऊन मिळते, ही परदेशात राहणाऱ्यांची जुनी तक्रार. त्या रात्री ती उलटली. मी पुण्याला भावाला फोन करून उठवलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “ताई, सकाळी सांगितलं असतंस तरी चाललं असतं गं.”

मला ते तेव्हा लागलं. आता वाटतं, लढाईच्या त्या चार दिवसांत बोलला गेलेला सगळ्यात समंजस शब्द तोच होता.

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एरवी मे महिन्यात हापूसच्या पेट्या कधी उतरणार याची चौकशी असते, नाहीतर कुणी फ्लॅट सोडताना फ्रीज विकायला काढलेला असतो. त्या आठवड्यात हापूस मागे पडला. हिशेब तपासण्यात ज्यांची हयात गेली ते एस-४०० चा पल्ला किती आणि राफेलला कोणतं क्षेपणास्त्र लागतं हे समजावून सांगू लागले. आपली विमानं पडली की नाही, पडली तर किती, यावर रात्री दोनपर्यंत खल चाले. पाकिस्तानचे आकडे सांगणाऱ्याला ‘तिकडे जा’ म्हणून सुनावलं जाई, आणि ‘एकही पडलं नाही’ म्हणणाऱ्याला कुणी पुरावा विचारत नसे. पुढे ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच विमानं गेल्याचं मान्य केलं. आकडा सांगितला नाही. तोवर गटावर हापूस परत आला होता. चौहानांच्या बोलण्यावर कुणी अक्षर लिहिलं नाही.

हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग होता असं मात्र मी म्हणणार नाही. २२ एप्रिलला पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांत सहा महाराष्ट्रातली होती: डोंबिवलीची तीन, पुण्याची दोन, पनवेलचं एक. आमच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील डोंबिवलीला असतात. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, ज्यांच्या घरी आम्ही जमलो होतो ते गृहस्थ डोंबिवलीचेच. एरवी मुंगीसुद्धा न मारणारा माणूस. पोहे चिवडत ते म्हणाले, “हे आता अर्धवट सोडू नये. अजून आठ दिवस चालू दे, कायमचं निस्तरून जाईल.” बैठकीच्या खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ दिवसच का, पंधरा का नाहीत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. एसी लावलेला होता, दुसरा चहा टाकलेला होता, आणि खिडकीबाहेर कसलाही आवाज नव्हता.

त्याच्या आदल्या रात्री, ८ मेला, कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं. म्हणजे आपल्या वाहिन्यांवर झालं होतं. निवेदक किंचाळत होते, पडद्यावर ज्वाळा उसळत होत्या, सायरन तर त्यांनी स्टुडिओतच वाजवला. गटावर फटाक्यांच्या चित्रांची रास पडली. सकाळी बंदर जागच्या जागी होतं आणि जहाजांची ये-जा चालू होती.

या थापेवर आमचा इतक्या चटकन विश्वास का बसला, यावर मी पुढे बराच विचार केला. नुसत्या वाहिन्यांना बोल लावून भागत नाही. कराचीचं जळणं आमच्या पिढीच्या मनात आधीपासून तयार होतं, वाहिन्यांनी फक्त बटण दाबलं. १९७१ मध्ये मी आठ वर्षांची होते. गिरगावात आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, दिव्याला कागदाची टोपी घातली होती, आणि संध्याकाळी भोंगा झाला की गॅलरीत उभं राहायची बंदी. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. पुढच्या काही दिवसांत तिथल्या कियामारीच्या तेलाच्या टाक्याही पेटल्या. काका पेपर हातात घेऊन चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बातमी सांगत गेले होते. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो यामुळेच. ९ डिसेंबरला आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, दीडशेहून जास्त नौसैनिक गेले. ते काकांनी तितक्या मोठ्यानं सांगितलं असेल तर मला आठवत नाही.

आता आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाजींबद्दल. त्या कराचीच्या. आम्ही एका वयाच्या, एकाच मजल्यावर पंधरा-सोळा वर्षं. त्या मला भाभी म्हणतात, मी त्यांना बाजी म्हणते. माझ्याकडून पुरणपोळी जाते, त्यांच्याकडून ईदला शीरखुर्मा येतो. आता हे लिहिताना माझं मलाच जरा कसंसं होतं, कारण भारत-पाकिस्तान शेजाराच्या प्रत्येक लेखात ही वाटी असतेच. पण वाटीचं जाणंयेणं सोपं असतं. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये एकटं सापडणं अवघड झालं होतं. आम्ही दोघी उन्हाळ्यावर बोलत होतो. मे महिन्यात बहारीनमध्ये उकडतं, ही गोष्ट आम्ही एकमेकींना रोज नव्यानं सांगितली.

९ तारखेला सकाळी लिफ्टमध्ये त्यांनीच विषय काढला. रात्री त्यांच्या मुलानं आमच्याकडच्या वाहिन्या लावल्या होत्या. घाबरून त्यांनी कराचीला बहिणीला फोन केला. “भाभी, वो प्याज़ काट रही थी. कहती है, पोर्ट का तो पता नहीं, यहाँ पानी का टैंकर नहीं आया दो दिन से.” मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, खरी आग त्यांनी एकदा पाहिली आहे, लहानपणी. तेव्हा त्यांचं घर कियामारीच्या बाजूला होतं. आईनं सगळ्या मुलांना पलंगाखाली ढकललं होतं आणि कित्येक रात्री आभाळ लाल होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, आई ते पुन्हा पुन्हा धुवायची.

आमचा मजला आला होता. मी दार हातानं धरून उभी होते, आणि मला काका दिसत होते, चाळीत पेपर फडकवत जाणारे. ते मी बाजींना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं अजूनही वाटत नाही. ती बातमी आमच्यासाठी आनंदाचीच होती, आणि १९७१ चं युद्ध का झालं हेही मला ठाऊक आहे. बाजींच्या आईच्या काजळीनं पूर्व पाकिस्तानातले अत्याचाराचे ते नऊ महिने पुसले जात नाहीत. फक्त इतकंच, की ती आग मी चोपन्न वर्षं पेपरात पाहत होते आणि समोरच्या दारामागे कुणीतरी ती वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिली होती.

बहारीनमध्ये हा वाद रस्त्यावर येत नाही, याचं श्रेय आमच्या शहाणपणाला देऊ नये. सरकार येऊ देत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर ईदच्या नमाजानंतर काही आशियाई लोकांनी जमाव केला, तेव्हा गृह खात्यानं त्यांच्यावर कायदेशीर कारवाई केली आणि धार्मिक सणाचा राजकारणासाठी वापर करू नका असं बजावलं. तेव्हापासून गटाचे ॲडमिन अशा वेळी रात्री झोपायच्या आधी एक सूचना टाकतात: व्हिसा सांभाळा. त्यामुळे आमचं शौर्य चार भिंतींच्या आत, दार लावून. एका परीनं बरंच आहे.

त्याच आठवड्यात आमचा एसी गळायला लागला. दुरुस्तीला जो मुलगा आला तो सीमेजवळच्या राजौरीचा निघाला. शिडीवर चढायच्या आधी त्यानं विचारलं, “मॅडम, आपका वायफाय मिलेगा? घर फोन लगाना था.” फोन लागत नव्हता. तो जाळी काढून धुवायला ठेवी, हात पुसून पुन्हा नंबर लावी. मध्येच लागला. घरचे कुणा नातेवाइकाकडे खाली गेले होते. वडील मात्र म्हशींपाशी थांबले होते, कारण म्हशी सोडून यायला ते तयार नव्हते. पुंछमध्ये तोफगोळे पडून माणसं मेली होती, गुरुद्वाऱ्यालाही मार बसला होता. राजौरीतही मारा चालू होता. त्याला मी विचारलं, तुला काय वाटतं, काय व्हायला हवं? इतके दिवस सगळ्यांना सगळं माहीत होतं म्हणून मलाही सवय लागली होती विचारायची. तो शिडीवरून म्हणाला, “गैस कम है मैडम, भरनी पड़ेगी.” मला आधी कळलंच नाही की तो एसीबद्दल बोलतोय.

१० मेला, शनिवारी दुपारी, आमच्या तीनच्या सुमाराला शस्त्रसंधीची बातमी आली, तीही आधी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून. गटावर हळहळ पसरली. ‘जिंकत आलेला डाव सोडला’ असा सूर होता. डोंबिवलीच्या गृहस्थांनी रागानं गटच सोडला आणि सोमवारी परत आले. दोन आठवड्यांनी बैजयंत पांडा यांच्या नेतृत्वाखालचं सर्वपक्षीय शिष्टमंडळ भारताची बाजू मांडायला बहारीनला आलं. त्यात भाजपच्या खासदारांच्या शेजारी असदुद्दीन ओवैसी बसलेले पाहून आमच्या संभाजीनगरच्या एका मैत्रिणीनं लिहिलं, “हे दृश्य पाहायला मला समुद्र ओलांडावा लागला.”

झिंजमध्येच अधारीचा झरा आहे. आता भोवती बाग आहे, पाळणे आहेत, शुक्रवारी मुलांची झुंबड असते. मूळचं गोडं पाणी मात्र केव्हाच आटलं, आता जे आहे ते बाहेरून सोडलेलं. एके काळी इथलं पाणी पाटांनी दूरच्या खजुराच्या बागांना जायचं आणि झऱ्याच्या कडेची जमीन कोरडी राहायची. त्यावरून इथे म्हण पडली: अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला विसरते. आमच्या घरी कामाला यायच्या त्या बहारीनी बाई परोपकारी नवऱ्याबद्दल हे म्हणायच्या. मला त्या म्हणीचा दुसरा उपयोग जून महिन्यात कळला.

१३ जूनला इस्रायलनं इराणवर हल्ला केला. गटावर उत्साह होता. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचं ज्ञान ताजंच होतं. २२ जूनला अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि एका सकाळीत सगळं बदललं. अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ जुफेरला, आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं. अमेरिकेची वकिलात तर झिंजमध्येच. तिच्या भिंतीशेजारून मी भाजी आणायला जाते. बहारीन सरकारनं ७० टक्के कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं, गरज नसेल तर मोठ्या रस्त्यांवर गाड्या काढू नका म्हणाले. इराण समुद्रापलीकडे, आणि त्या किनाऱ्यावर बुशहरची अणुभट्टी. आम्ही पितो ते पाणी याच समुद्राचं, मीठ काढलेलं. दुकानात पाण्याच्या बाटल्यांची खोकी ढकलगाड्यांवर चढत होती. २३ तारखेच्या संध्याकाळी इराणनं कतारमधल्या अल-उदेद तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि बहारीननं आपलं आकाश बंद केलं.

त्या रात्रीचा गट मी जपून ठेवला आहे. त्यात एकही मत नाही. पासपोर्ट कुठे ठेवलाय. सौदीचा पूल चालू आहे का. सौदीच्या व्हिसाला किती वेळ लागतो. इन्शुलिन किती दिवस फ्रीजबाहेर टिकतं. कुणाकडे जादा गॅस सिलिंडर आहे का. डोंबिवलीच्या गृहस्थांनी विचारलं, मुंबईचं विमान कधी सुरू होईल, कुणाला काही कळलं का. मुलगी आणि नात सुट्टीला आल्या होत्या त्यांच्याकडे. अजून आठ दिवस चालू दे, असं कुणी म्हणालं नाही. त्यांना मी त्या शुक्रवारची आठवण करून दिली नाही, देणारही नाही. तेव्हा ते खोटं बोलत नव्हते आणि आताही नव्हते. मत असायला एक खोली लागते, तिचं छप्पर शाबूत असावं लागतं. मेमध्ये आम्हांला ती होती आणि राजौरीच्या मुलाला नव्हती, म्हणून आमच्याकडे मत होतं आणि त्याच्याकडे फक्त फोन होता.

बाजी त्या रात्री आमच्याकडे येऊन बसल्या, कारण त्यांचा मुलगा कामावर अडकला होता. आम्ही टीव्ही लावला; कोणत्या देशाची वाहिनी लावायची यावर या वेळी अडचण आली नाही, दोघींच्याही देशांचा संबंध नव्हता. आम्ही बिनधास्त कुणालाही शिव्या देऊ शकत होतो, आणि दिल्या.

जुलैत बाजी कराचीला निघाल्या तेव्हा मी त्यांना एक काम सांगितलं. बंदर रोडवर, म्हणजे आताच्या जिना रोडवर, नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे. १८५५ साली सुरू झालेली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हाचे शिक्षण खात्यातले हे वैद्य, नावावरून तरी आपल्याकडचेच. फाळणीनंतर तिथल्या रस्त्यांची नावं बदलली, या शाळेचं नाव राहिलं. तिचा फोटो काढून पाठवा म्हटलं. बाजी म्हणाल्या, “एनजेव्ही? मेरे अब्बा वहीं पढ़े हैं. एन कौन, जे कौन, किसी ने पूछा ही नहीं.”

फोटो आला: पिवळट दगडाची लांबलचक इमारत, कमानी, फाटकापाशी रिक्षा. मी तो गटावर टाकला. पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. वैद्य कोकणातले. छे, वैद्य म्हणजे देशस्थ. सिंधमध्ये गेले म्हणजे नक्की पुण्याच्या शाळेतले. पुरावा काय? डोंबिवलीच्या गृहस्थांनी आपल्या पणजोबांचं कुणीतरी कराचीला पोस्टात होतं, त्यांचा दाखला दिला. रात्री दोनपर्यंत चाललं होतं. ॲडमिननं व्हिसाची सूचना टाकली नाही.