बाकावरचा शूटर आणि आमचे काका

शिकागोतल्या ज्या घराचं मी आयुष्यभर देणं लागते, त्या घरात बास्केटबॉलवरून एक वाद कायम पेटलेला असायचा. ज्याला लांबून बॉल मारण्यापलीकडे फारसं काही येत नाही, अशा खेळाडूला तगड्या संघानं बाकावर जागा द्यावी की देऊ नये? वादाचं कारण होता शिकागो बुल्सचा स्टीव्ह केर आणि त्याची बाजू घ्यायला ठाम उभे असायचे आमचे काका.

नात्यानं ते माझे कोणी नव्हते. मी संख्याशास्त्र शिकायला गेले तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचा पत्ता मिळाला होता. काकू म्हणाल्या, चार दिवस राहा, खोली मिळाली की जा. त्या चार दिवसांत माझी पदवी पूर्ण झाली. काका मूळ नागपूरचे, एका मशीनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. महाराष्ट्रात बास्केटबॉलचं खरं वेड कुठं असेल तर ते नागपुरात, आणि तिथल्या मैदानांवर काका तरुणपणी घाम गाळून आले होते. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही खेळाबद्दल बोलायला लागले की त्यांची भाषा थेट नागपूरला जायची.

बुल्सकडून मायकेल जॉर्डन खेळत असताना त्याच्यावरून नजर हटवणं अवघड. काका मात्र मला तेच करायला लावायचे. म्हणायचे, "बॉल पाहू नको बापू. बॉल तर सारेच पाहून राहिले. त्या स्टीव्हचे पाय पाह, आन् त्याच्यावर ठेवलेला माणूस पाह."

मी पाहायला लागले. स्टीव्ह बॉलपासून लांब, थ्री-पॉइंटच्या रेषेबाहेर उभा असे. गुडघे आधीच वाकलेले, दोन्ही पंजे छातीसमोर उघडे, पाऊल बास्केटच्या दिशेनं लावलेलं. बॉल आल्यावर त्याला काही जुळवाजुळव करावीच लागत नसे. पण खरी गंमत त्याच्यावर नेमलेल्या माणसाची. आत जॉर्डन मुसंडी मारतोय, सगळा डिफेन्स त्याच्याकडे ओढला जातोय, आणि हा माणूस मदतीला एक पाऊल आत टाकतो, मान वळवून स्टीव्हकडे बघतो आणि तेच पाऊल मागे घेतो. त्या एका मागे घेतलेल्या पावलामुळे जॉर्डनला आत वाट मिळायची. स्टीव्हनं बॉलला हातही लावलेला नसायचा, गुणफलकावर त्याची कुठं नोंद नसायची, पण बास्केट त्याच्यामुळे झालेली असायची. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नसतं.

रविवारी तळघरातल्या टीव्हीसमोर आसपासची मराठी मंडळी जमत. त्यात ठाण्याचे एक डॉक्टर होते, स्टीव्हचे कट्टर विरोधक. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. सहा फूट तीन इंचाचा, पळायला बेताचा, उडी जेमतेम. समोरच्या चपळ गार्डला हा अडवणार कसा? एका टोकाला तीन गुण आणायचे आणि दुसऱ्या टोकाला दोन-दोन देत राहायचं, यात संघाचं भलं ते काय? पाच जणांचा खेळ आहे, प्रत्येकाला सगळं यायला हवं, असं ते पोटतिडकीनं सांगत.

काका त्यांना एकच विचारायचे. "बाकीचे कोण हायेत ते सांग ना डॉक्टर." आणि बाकीचे होते जॉर्डन, पिपेन आणि रॉडमन. 1995-96च्या हंगामात एनबीए लीगनं निवडलेल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात हे तिघंही होते. असे तिघं शेजारी असताना एकाचा कच्चा डिफेन्स झाकता येतो. स्टीव्हला समोरच्या संघातला सर्वांत निरुपद्रवी माणूस द्यायचा, कोणी त्याला ओलांडून आत आलाच तर पिपेन आहेच. शिवाय प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांचा त्रिकोणी खेळ असा बांधलेला होता की बॉल हातोहात फिरत योग्य वेळी मोकळ्या माणसाकडे येई. स्टीव्हला स्वतः ड्रिबल करून वाट काढण्याची गरजच पडत नसे. तो हंगाम बुल्सनी 72 विजय आणि 10 पराभव असा संपवला. स्टीव्ह 82च्या 82 सामन्यांत खेळला आणि त्याचे थ्री-पॉइंटर 51.5 टक्के अचूक होते.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे आकडे मांडायचं काम माझ्याकडे. शंभर थ्री-पॉइंटरमधून दीडशेच्या वर गुण. आतून मारलेले शंभर शॉट निम्मे बसले तरी गुण शंभरच. डॉक्टरांना मी कागद दाखवला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "हे अर्धंच झालं. रेषा जवळ आणली होती ते लिही." खरंच होतं. 1994 ते 1997 हे तीन हंगाम लीगनं 23 फूट 9 इंचांवरची रेषा 22 फुटांवर आणली होती. पुढे म्हणाले, "आन् ही सरासरी कोणाच्या बाजूला उभं राहून निघाली, तेही लिही. क्लीव्हलँड, ऑरलँडोतही हाच पोट्टा होता ना?"

आपली बाजू जिंकत असताना आपल्याच आकड्यातली मेख दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आज मी रुग्णालयांच्या आकडेवारीवर काम करते. कुठल्या वॉर्डात रुग्ण लवकर बरे होतात असा तक्ता समोर आला की माझा पहिला प्रश्न असतो, तिथं मुळात कोणते रुग्ण पाठवले जातात, सोबत नर्स किती आहेत. हा प्रश्न मला त्या तळघरात मिळाला.

काकांच्या मते बुल्सची ही जुनी रीत होती. स्टीव्हच्या आधी क्रेग हॉजेस होता, सलग तीन वर्षं, 1990 ते 1992, थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकणारा. इतकं असून 1992 नंतर लीगमधल्या एकाही संघानं त्याला घेतलं नाही. यावर बोलताना काकांचा आवाज चढायचा. तसाच जॉन पॅक्सन. 1993च्या अंतिम फेरीत फिनिक्समध्ये सहाव्या सामन्यात शेवटचे चारेक सेकंद उरले असताना त्यानंच थ्री मारून 99-98 असा विजेतेपदाचा निकाल लावला. तो थांबायच्या सुमाराला स्टीव्ह आला. 1988च्या ड्राफ्टमध्ये पन्नासावा निवडलेला, बैरूतमध्ये जन्मलेला मुलगा. वडील माल्कम केर बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, 1984मध्ये तिथंच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा, ॲरिझोनात कॉलेजला. 1995च्या सराव शिबिरात जॉर्डनशी त्याची जुंपली, जॉर्डननं त्याला ठोसा लगावला आणि नंतर फोन करून माफी मागितली. काका म्हणायचे, बाकावरच्या शूटरला हे काळीज लागतं. तीस मिनिटं थंड बसायचं आणि उठून पहिलाच बॉल बिनधास्त मारायचा, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी विभागातली माझी असिस्टंटशिप अचानक बंद झाली. फी भरायची मुदत आठवड्यावर आलेली. मी कोणाला बोलले नव्हते, पण काकूंना जेवताना कळलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी काकांनी चहाच्या कपाशेजारी चेक ठेवला आणि वहीत माझ्या देखत रक्कम लिहिली. नोकरी लागल्यावर मी दर महिन्याला हप्ता पाठवत गेले आणि त्यांनी तो दर महिन्याला घेतला. नको, राहू दे, असं एकदाही म्हणाले नाहीत. शेवटचा हप्ता पोचल्यावर फोनवर एवढंच, "हिशेब मिटला बरं का." त्यांनी पैसे सोडून दिले असते तर मी त्यांच्यासमोर कायम मान खाली घालून बसले असते. मी त्यांच्याशी बरोबरीनं भांडावं, हे त्यांना हवं होतं.

13 जून 1997च्या रात्री तळघर गच्च भरलं होतं. युटा जॅझविरुद्ध अंतिम फेरीतला सहावा सामना, 86-86 अशी बरोबरी. टाइमआउटमध्ये जॉर्डन स्टीव्हला काहीतरी सांगताना दिसला. नंतर कळलं ते असं, की जॅझचा स्टॉकटन तुला सोडून माझ्याकडे येईल, तयार राहा, असं तो सांगत होता. चौथ्या सामन्यात मोक्याच्या वेळी चुकलेला शॉट स्टीव्हच्या मनातून गेला नव्हता. खेळ सुरू झाला. सगळे जॉर्डनकडे पाहत होते. काका ओरडले, "स्टॉकटन पाह, स्टॉकटन!" स्टॉकटननं पाऊल आत टाकलं आणि या वेळी ते मागे घेतलं नाही. जॉर्डनचा पास, स्टीव्हचा शॉट, पाच सेकंद बाकी, 88-86. त्यानंतर पिपेननं जॅझचा पास उडवला, बुल्सच्याच कुकोचनं डंक मारला आणि निकाल 90-86. लक्षात घ्या, तो शॉट थ्री नव्हताच, रेषेच्या आतला सतराएक फुटांवरचा दोन गुणांचा होता. डॉक्टर उठून काकांच्या पाया पडले.

2003मध्ये स्टीव्ह सॅन अँटोनियोकडून खेळत होता, वय सदतीस, त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये जवळजवळ बाकावरच. डॅलसविरुद्ध सहाव्या सामन्यात संघ मागे पडला असताना त्याला उतरवलं आणि त्यानं मारलेले चारही थ्री-पॉइंटर बसले. मी तोवर दुसऱ्या शहरात होते. काकांचा फोन आला. आजारपणानं आवाज खोल गेला होता, तरी प्रत्येक शॉटच्या वेळी संघाचा मुख्य खेळाडू टिम डंकन याच्याभोवती किती जण होते ते त्यांनी मला सांगितलं. त्यांना 2008मध्ये देवाज्ञा झाली.

त्यानंतरचा पुरावा मला एकटीला तपासावा लागला. 2011-12मध्ये न्यूयॉर्क निक्सचा स्टीव्ह नोव्हाक 47.2 टक्क्यांनी लीगमध्ये पहिला होता. प्लेऑफमध्ये मायामीनं त्याच्या अंगाला अंग लावून एक माणूस उभा केला आणि त्याला फारसे शॉट घेऊ दिले नाहीत. निक्स 4-1 असे हरले. नोव्हाकचा नेम बिघडला नव्हता. मायामीला त्याला चिकटून राहणं परवडत होतं, कारण निक्सचा जेरेमी लिन दुखापतीनं बाहेर, शंपर्टचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेलेला, आणि एकट्या कार्मेलो अँथनीला उरलेले चौघं सांभाळू शकत होते. काका असते तर डॉक्टरांना फोन लावून हाच मुद्दा डॉक्टरांच्याच बाजूनं मांडला असता.

म्हणून माझा कौल काकांच्याच बाजूनं, त्यांच्याच अटीसह. कमकुवत संघानं असा शूटर घेऊन फायदा नाही, तिथं त्याला कोणी मोकळा सोडत नाही आणि त्याचा डिफेन्स झाकायलाही कोणी नसतं. पण ज्यांच्याकडे दोघं-तिघं खरे बचावपटू आहेत आणि ज्याच्यावर दोन माणसं धावून जावीत असा एक खेळाडू आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. आणि नुसता बसवून न ठेवता हंगामभर रोज थोडा खेळवावा. स्टीव्ह केर 910 सामने खेळला, सरासरी सामन्याला सहा गुण. थ्री-पॉइंटरची त्याची कारकिर्दीतली अचूकता 45.4 टक्के आहे आणि लीगच्या इतिहासात त्याच्यापुढे कोणी नाही.