उघडं कार्ड

शेजारच्या काकीला वाचता येत नव्हतं. तिचा नवरा परळला गिरणीत, बदली कामगार. त्याचं कार्ड आलं की पोस्टमन अंगणातूनच हाक मारी आणि चौथीतली मी ओट्यावर बसून ते वाचून दाखवायची. शेजारी सासू तांदूळ निवडत असायची. ‘येथे सर्व खुशाल. आईस जपणे. म्हैस व्यायली का?’ बायकोसाठी वेगळं एक अक्षर नसे. असणार तरी कसं? त्यानं ते खानावळीतल्या कुणाकडून लिहून घेतलेलं, आणि वाचणार मी!

माझे वडील रत्नागिरीला शाळामास्तर. आईला त्यांचं आंतर्देशीय पत्र यायचं, कडा डिंकानं चिकटवलेल्या. माजघराच्या अंधारात ती ते हलक्या हातानं सोडवायची. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड निघालं, ते स्वस्त म्हणून घरोघर पोचलं. पण चार पैसे वाचवणाऱ्याचा संसार त्या कार्डानं उघड्यावर आणला, हे मला आईचा चेहरा बघून कळलं.

काकीच्या वाट्याचं काही आलंच तर मनिऑर्डरीतून यायचं. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींपुरती जागा असे. एकदा तिथं होतं, ‘पाच रुपये जास्त आहेत, तिला काकणांस.’ सासू आत गेल्यावर काकी म्हणाली, ‘परत वाच गो.’ मी तीनदा वाचलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कितीतरी कामगार गावी परतले. काकीचा नवरा मुंबईतच हमाली करत राहिला. मनिऑर्डर थांबली, आणि तिच्याबरोबर त्या दोन ओळीही.

आज माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा नवरा रात्रपाळीचा वॉचमन आहे. पूर्वी त्यांचं मिस्ड कॉलवर ठरलेलं असे: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा खाल्ला. फोन उचलायचा नाही, पैसे पडतात. माझा मुलगा आणि सून मात्र परगावाहून तासन्‌तास बोलायचे, भांडायचेसुद्धा. भांडण लांबवायलाही पैसा लागतो.

आता बोलणं स्वस्त झालंय. नवरा व्हॉइस मेसेज पाठवतो. पण बाईंच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात, आणि घरातला एकुलता फोन थोरल्या मुलाच्या उशाशी असतो.