कार्डावर नसलेली वायर

पैठणकडच्या त्या मोसंबीवाल्या बाबांना मी स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली होती. 8 ऑक्टोबर 1958 रोजी जगात पहिल्यांदाच पेसमेकर शरीराच्या आत बसवला गेला, तो त्यांना. तो काही तासांतच बंद पडला. पुढे एकूण 26 यंत्रं वापरून ते 2001 पर्यंत जगले. पेशंटला धीर येतो म्हणून मी ही गोष्ट सगळ्यांना सांगायचो. तिच्यात यंत्रांचा हिशेब आहे, वायरींचा नाही. माझंही तसंच होतं.

बाबांच्या पेसमेकरची जुनी वायर कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडून तुटत आली होती. मी नवी घातली. जुनीचं टोक हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात रुतलेलं. ओढलं तर कप्पा फाटायची भीती, म्हणून ती आतच ठेवली. इथवर ठीक होतं. पण बॅटरीसाठी कातडीखाली केलेल्या खिशात जागा पुरेना, तेव्हा मी जुन्या वायरीला स्नायूशी बांधून धरणारी बाही सोडवली, वायर आखूड कापली, कापल्या टोकाला टोपी घातली नाही आणि एकच टाका घेतला, तोही चरबीत. त्या दिवशी अजून दोन केस बाकी होत्या. हे कारण नव्हे, नुसती नोंद. डिस्चार्ज कार्डावर जुन्या वायरीबद्दल अवाक्षर लिहिलं नाही.

तीन वर्षांनी खोकल्यासाठी गावाकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि फोन केला, “सर, एक वायर विचित्र दिसतेय.” मी हसून म्हणालो, “पेसमेकर आहे, वायर दिसणारच.” फिल्म मागवलीसुद्धा नाही. त्या फोनची लाज मला टाक्यापेक्षा जास्त वाटते.

दोन महिन्यांनी बाबा स्वतःच संभाजीनगरला आले. समोरून आणि बाजूनं, दोन्ही फिल्म घेतल्या आणि जुन्या फिल्मशेजारी लावल्या. कॉलरबोनखाली असायला हवं ते कापलेलं टोक तिथं नव्हतंच. रक्ताच्या ओढीनं ते शिरेतून हृदयात आणि तिथून डाव्या फुप्फुसाच्या धमनीत जाऊन वळलं होतं. दुसरं टोक अजून कप्प्यात घट्ट.

“तार आत फिरायली का, साहेब?”

“हो बाबा. मी नीट बांधली नव्हती.”

तरी घाई सुटली नाही. मांडीच्या शिरेतून फास नेऊन मोकळं टोक पकडलं आणि ओढलं. ठोके बेताल झाले, बीपी पडलं. हार्ट सर्जनला आधी बोलावून ठेवलेलं नव्हतं. फास सोडला, ठोके सावरले. वायर आत धरून बसली की ओढण्यापूर्वी छाती उघडायची तयारी हवी, हे मला परीक्षेतही विचारलं गेलं होतं.

नंतर सर्जनसोबत बसलो. जंतुसंसर्ग नाही, सीटी स्कॅनमध्ये गुठळी नाही, बाबांना त्रास नाही. वायर आहे तिथंच ठेवायची आणि लक्ष ठेवायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. तिसरे बाबा.

ते दर वर्षी पोळ्यानंतर येतात. खिशातल्या कार्डावर मी मराठीत लिहून दिलंय: वायरी 2, एक निकामी, तिचं टोक डाव्या फुप्फुसाच्या धमनीत. तुमच्या घरी कुणाला पेसमेकर असेल, तर कार्ड काढून बघा. वायरी किती आणि कुठे, ते लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.