यंदाचा कंदील कुणाला?

होस्टेलमध्ये ‘गेम’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे रात्री दोन वाजता विंगभर घुमणारा “मार, मार, डावीकडे बघ!” हा आरडाओरडा, आणि दुसरी म्हणजे तो ऐकून जिन्यावरून वर येणाऱ्या रेक्टर सरांच्या चपलांचा आवाज. या लेखात दोन्ही नाहीत. कारण आमच्या विंगेत ज्या गेमची पूजा होते, त्यात गोळीबार नसतो. त्यात एक माणूस बंद दारासमोर उभा असतो आणि अकरा जण त्याच्याकडे गप्प बसून बघत असतात. मधूनच कुणीतरी म्हणतं, “अरे, ती दोरी घेतली होती ना मघाशी?” पुन्हा शांतता. मेसमधल्या भाजीत काय आहे हे ओळखतानासुद्धा आम्ही एवढा विचार करत नाही!

तर मंडळी, याला म्हणतात अ‍ॅडव्हेंचर गेम. बोटांच्या वेगाला इथे किंमत नाही. बघायचं, उचलायचं, बोलायचं, आठवायचं आणि जोडायचं. गोष्ट पुढे सरकते ती तुम्हाला काहीतरी समजलं म्हणून.

दरवर्षी ३१ डिसेंबरला, बाकीचं होस्टेल गच्चीवर नाचत असताना, आमच्या विंगेत त्या वर्षीच्या सर्वोत्तम अ‍ॅडव्हेंचर गेमचा सत्कार होतो. बक्षीस म्हणून एक कंदील! कुणा सीनियरने कधीकाळी भंगारवाल्याकडून आणलेला, पत्र्याचा, तडकलेल्या काचेचा. विजेत्या गेमचं नाव कागदावर लिहून तो कागद कंदिलाला चिकटवायचा, की झाला समारंभ. गेम बनवणाऱ्यांना याचा पत्ता नसतो, हे सांगायला नकोच.

कंदीलच का, असं प्रत्येक फर्स्ट इयरवाला विचारतो. त्याचं उत्तर १९७६ सालात आहे. विल क्राऊदर नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर होता. इंटरनेटची आजी म्हणावी अशा अर्पानेटवर काम केलेला, आणि सुट्टीत गुहांमध्ये उतरणारा. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना गंमत वाटावी म्हणून त्याने पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रानमध्ये एक खेळ लिहिला. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या खऱ्या गुहेवर बेतलेला. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसते शब्द. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला. तोच ‘कलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’. अ‍ॅडव्हेंचर गेम हे नाव आलं ते यावरूनच. या खेळात सुरुवातीलाच हाती लागतो तो पितळी कंदील. तो न पेटवता पुढे गेलात तर खड्ड्यात पडणार, आणि फार रेंगाळलात तर तो विझणार. सबमिशनच्या आठवड्याचं याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

पुढचा इतिहास लॅबमध्ये कुणी शिकवत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. १९८४ मध्ये रॉबर्टा विल्यम्स यांच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने या गोष्टींना चालतं-फिरतं चित्र दिलं. १९९० मध्ये रॉन गिल्बर्टच्या ‘मंकी आयलंड’ने विनोद दिला. त्यात तलवारीची लढाई जिंकायची ती टोमण्याला सवाई टोमणा मारून. (आमच्या विंगेला हा गेम लगेच जमला.) १९९३ च्या ‘मिस्ट’ने लोकांना कागद-पेन घेऊन बसवलं. मग नव्वदचं दशक संपता संपता मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि ‘अ‍ॅडव्हेंचर गेम मेला’ असं सगळे म्हणू लागले. २०१२ मध्ये टिम शेफरच्या डबल फाईनने नव्या अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी लोकांकडे चार लाख डॉलर मागितले, तर ८७ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ३३ लाखांहून जास्त डॉलर दिले. मेलेल्याच्या तिरडीला कुणी एवढी वर्गणी देत नाही!

तरीसुद्धा बऱ्याच मोठ्या सोहळ्यांत या गेमना स्वतःची खुर्ची नाही. २०२३ चा ‘द गेम अवॉर्ड्स’ बघा. वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला ‘बाल्डर्स गेट ३’. विभाग होता तो ‘अ‍ॅक्शन/अ‍ॅडव्हेंचर’, आणि तो जिंकला झेल्डाच्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने. गेम उत्तमच, वाद नाही. पण त्या तिरक्या रेघेच्या डावीकडची ‘अ‍ॅक्शन’ आमच्या साध्याभोळ्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ला दरवर्षी कोपऱ्यात ढकलते. म्हणून आमचा कंदील.

त्याचे नियमही आहेत. गेम त्याच वर्षी आलेला हवा. विंगेतल्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तो चालायला हवा. वर्गणी काढून विकत घ्यायचा. एका खोलीत, एका स्क्रीनवर, सगळ्यांनी मिळून खेळायचा. आणि अडलो तरी उत्तर शोधून आणायचं नाही. हा शेवटचा नियम मोडणाऱ्याला आठवडाभर सगळ्यांच्या बाटल्या कूलरवरून भरून आणाव्या लागतात.

आता २०२३ बद्दल. त्या वर्षी मी फर्स्ट इयरला होतो.

आमच्याकडे माणसाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. लातूर, चिपळूण, भुसावळ. माझं गाव इतकं लहान की मला तालुक्याचं नाव मिळालं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला पुस्तकं इंग्रजी आणि शिकवणं मराठी. इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की मॅडम बोलतात ते मला शब्द म्हणून ऐकू येतं, अर्थ म्हणून नाही. शाळेत ‘मोमेंट’ म्हणजे क्षण असं पाठ केलेलं. मेकॅनिक्समध्ये तो बल गुणिले अंतर निघाला. ‘कपल’ म्हणजे समान, समांतर आणि विरुद्ध दिशेला ओढणारी दोन बलं. (ही व्याख्या गॅदरिंगच्या वेळी फारच पटते.) इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात गप्प, आणि मराठी बोललो की बोलण्यातल्या ‘न’ आणि ‘ण’ वरून हशा. “अरे शुद्ध बोल ना!” हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की शेवटी दोन्ही भाषांत गप्प राहू लागलो.

नोव्हेंबरमध्ये मी वडिलांना फोन करून सांगितलं, की सेमिस्टर झाली की परत येतो, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करतो. वडील जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “फीचं बघू नको. तुला झेपतंय का तेवढं बघ.” फी भरायला काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. त्यामुळे ते ‘बघू नको’ जास्तच लागलं.

त्याच आठवड्यात विंगेत ‘चँट्स ऑफ सेनार’ सुरू झाला. फ्रान्समधल्या तुलूझच्या रनडिस्क या छोट्या स्टुडिओने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेला गेम. बॅबेलच्या मनोऱ्याच्या कथेवर बेतलेला. एक उंच मनोरा, मजल्यामजल्यावर वेगळे लोक, प्रत्येकाची वेगळी चित्रलिपी. आपल्याला एकही भाषा येत नाही. पाट्या बघायच्या, लोकांचे हातवारे बघायचे, कुठलं चिन्ह कुठे येतं ते बघायचं आणि वहीत अंदाज लिहायचा. वहीच्या पानावर चित्रं असतात. सगळ्या चित्रांपुढे बरोबर चिन्हं लागली, तरच अर्थ पक्का होतो. एकही चुकलं तर पान गप्प.

खोलीत अकरा जण होते. त्यांतले चार इंग्रजी माध्यमाचे, एक तर आयसीएसईचा. पण या मनोऱ्यात सगळेच अडाणी! असं दृश्य मी कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा बघत होतो.

पहिल्या मजल्यावर एकच चिन्ह लागोपाठ दोनदा आलं. सगळे अडले. भुसावळ म्हणाला, छपाईची चूक असेल. मी मागे दाराशी उभा होतो. मला एकदम आठवलं ‘गावोगाव’, ‘घरोघर’, ‘ठिकठिकाणी’. शब्द दोनदा म्हटला की एकाचे अनेक होतात. मी म्हणालो, “अनेकवचन आसंल.” न-ण, स-श, कशाचाच विचार न करता. पान लागलं. कुणी हसलं नाही. लातूरने सरकून खाटेवर जागा केली आणि म्हणाला, “तू पुढं ये रे, मागं काय करतोस?”

पुढे बार्डांच्या मजल्यावर वाक्याचा क्रमच बदलतो. कर्म आधी, मग कर्ता, शेवटी क्रियापद. इंग्रजीत विचार करणारे गोंधळले. आपल्याला काय त्याचं! ‘भाकरी मी खाल्ली’ हे आपण रोजच म्हणतो.

पण मला खरं थांबवलं ते एका शब्दाने. मनोऱ्यातले सैनिक खालच्या मजल्यावरच्या भक्तांना एका विशिष्ट चिन्हाने ओळखतात. ते भक्त स्वतःला तसं म्हणत नाहीत. त्या चिन्हाचा अर्थ लागला: ‘अशुद्ध’. खोलीत कुणीतरी शिट्टी वाजवली. मी काही बोललो नाही. वरच्या मजल्यावरच्याला खालच्याची भाषा कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो तिला नाव ठेवतो, एवढी साधी गोष्ट कुणीतरी फ्रान्समध्ये बसून चित्रात काढली होती. या गेममध्ये शेवटी जिंकायचं कसं? तर या मजल्याचं बोलणं त्या मजल्याला समजावून देऊन. दुभाष्या होऊन.

दुसऱ्या दिवसापासून मी मेकॅनिक्सच्या वहीत समासात तसंच करू लागलो. नवा शब्द आला की अर्थ विचारायचा नाही, शेजारी छोटं चित्र काढायचं. तीन वेळा तो शब्द भेटला की अंदाज लिहायचा, आणि पानभर शब्द जमले की रात्री लातूरकडून तपासून घ्यायचे. ‘शिअर’ पुढे कात्री, ‘टॉर्क’ पुढे पाना, ‘फ्रिक्शन’ पुढे गावाकडचा घाट. दोन आठवड्यांत वर्गातला आवाज थोडा थोडा अर्थ होऊ लागला. सगळा नाही. पण खड्डा कुठे आहे ते दिसू लागलं.

कंदिलासाठी त्या वर्षी दुसरा तगडा दावेदार होता ‘वेण्बा’. टोरांटोच्या विसाई गेम्सने जुलै २०२३ मध्ये आणलेला, तासा-दीड तासाचा छोटा गेम. १९८८ मध्ये कॅनडात राहणारं एक तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईने दिलेली फाटकी, डागाळलेली पाककृतींची वही. पुसलेल्या पायऱ्या ओळखून पदार्थ करायचा, हेच कोडं. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या यावर अकरा इंजिनिअर वीस मिनिटं भांडले. पुढे मुलगा मोठा होतो, तमिळपासून आणि घरापासून लांब जातो, आणि एक दिवस आईचं हस्ताक्षर अडखळत वाचत एकटाच स्वयंपाक करतो. तेव्हा चिपळूण उठून बाहेर गेला. पाणी आणायला गेलो होतो म्हणाला. बाटली खोलीतच होती.

मतदानाआधी दोन तास वाद झाला. चिपळूणचं म्हणणं, कोडं कितीही हुशार असो, गेम संपल्यावर घरी फोन करावासा वाटला पाहिजे. लातूरचं म्हणणं, रडवणं सोपं असतं, शिकवणं अवघड. भुसावळ एकटाच ‘ककून’साठी लढत होता, आणि त्या गेममध्ये जगाच्या आत जग कसं ठेवलंय हे दोन वाट्या आणि एक लिंबू घेऊन समजावत होता. चिठ्ठ्या मोजल्या. सेनार सहा, वेण्बा चार, ककून एक. कंदिलावर सेनारचं नाव लागलं. वेण्बाला मोठ्या जगात पुढे न्याय मिळाला. मार्च २०२४ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक आणि एप्रिलमध्ये पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा. ती बातमी चिपळूणने प्रिंट काढून लातूरच्या दारावर चिकटवली.

पण त्याचा निकाल त्याआधीच लागला होता. १ जानेवारीला त्याने आईला फोन करून घावनांची कृती विचारली. माऊली म्हणाली, “पाणी अंदाजाने घाल.” किती? “पीठ सांगतं.” आम्ही चार दिवस त्या ‘अंदाजाने’चा अर्थ शोधत होतो. घावन शेवटी जमले. होस्टेलमध्ये इंडक्शन शेगडीला बंदी आहे, त्यामुळे ते कुठे शिजले हे इथे लिहीत नाही.

आणि मी? मी परत गेलो नाही. मेकॅनिक्स सुटला. वडिलांना फोन केला तेव्हा एवढंच म्हणालो, “झेपतंय.” ते म्हणाले, “बरं.” आमच्या घरात याला लांबलचक संभाषण म्हणतात.

त्यानंतर २०२४ चा कंदील ‘द राईज ऑफ द गोल्डन आयडॉल’ला गेला आणि २०२५ चा ‘ब्ल्यू प्रिन्स’ला, ज्याच्या रोज बदलणाऱ्या वाड्यात सेहेचाळिसावी खोली शोधताना आमच्या तीन वह्या भरल्या. २०२० मध्ये आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ आणला होता. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. तोही तिरक्या रेघेच्या अ‍ॅक्शनकडचा. मराठीत विचार करणारा, कोड्यांचा, गोष्टीचा अ‍ॅडव्हेंचर गेम आपल्यापैकी कुणीतरी करावा, अशी आमच्या विंगेची फार इच्छा आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच ती अटेंडन्स सिस्टीम करणाऱ्या बांधवांनी विचार करावा!

कंदील सध्या माझ्या खाटेखाली आहे. येत्या ३१ डिसेंबरला तो ज्युनिअर्सकडे जाईल. मतदानाला यायचं असेल तर वर्गणी आणा, एक कोरी वही आणा. इंग्रजी कच्चं असेल तरी चालेल, मराठी ‘अशुद्ध’ असेल तर फारच उत्तम. बाहेर गच्चीवर गाणी मोठ्याने लागलेली असतील, तेव्हा दार जरा जोरात वाजवा.