परत जाता येईल इतक्या अंतरावर

३ जून २०२४, कोरेगाव

आईने आज बाजारातल्या टपरीवरून पावडर आणली. ‘नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात भिंतीवर असते ना, तसलीच. भाजीत कालवायची, धाकट्या भावाला कळू द्यायचं नाही. पुडीवर औषधाचं नाव नाही, प्रमाण नाही. मी ती ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना दाखवली. त्यांचा चेहराच बदलला. अशा पुडीत डायसल्फिरॅम असलं आणि वरून माणूस प्यायला, तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं. तोंड लालबुंद होतं, उलट्या सुरू होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच थकलेलं असेल तर जिवावर बेतू शकतं. हेच औषध डॉक्टरही देतात, पण तपासण्या करून, त्या माणसाला सगळं समजावून आणि त्याच्या मर्जीने.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग मी काय करू गं?” इतक्या वर्षांत तिला काय करायचं ते फक्त त्या टपरीवाल्याने सांगितलं होतं, हे मला फार लागलं.

५ जून

धाकट्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात जळालेल्या पाणबुडी मोटारी अजून ओळीने पडून आहेत. शेतकरी येतात, भावजय त्यांना सांगते, “तार यायचीय पुण्याहून.” तार केव्हाच आली आहे. सकाळी त्याच्या हाताला कंप असतो. तांब्याची तार, एकेक वेढा शेजारी शेजारी बसवायचा, एखादा चुकला तर मोटार पुन्हा जळू शकते. ते काम करणाऱ्या हातात चहाचा कप ठरत नाही. एक क्वार्टर पोटात गेली की कंप थांबतो. तो म्हणतो, “ताई, मी मजेसाठी नाही घेत आता.” खरंच आहे ते. त्याच्या शरीराला आता दारू औषधासारखी लागते.

७ जून

मामा येऊन गेले. पंढरपूरला नेऊ, माळ घालू म्हणाले. मी माळेला कमी लेखत नाही. आमच्याच आळीत माळ घातल्यापासून थेंबाला न शिवलेली माणसं आहेत. त्यांना भजन मिळालं, दिंडी मिळाली, संध्याकाळी बसायला दुसरी माणसं मिळाली. पण आधी शरीराचं बघायला हवं. मामांपुढे धाकट्याने बाटली मोरीत ओतली, “आजपासून बंद.” सगळ्यांना आनंद. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रोज एवढी पिणाऱ्याने एकदम सोडणं धोक्याचं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. एकटं ठेवू नका, आणि काही वेगळं दिसलं की थेट सिव्हिल.

९ जून

रात्री तो अंथरुणावर उठून बसला. घामाने बनियन भिजलेलं. डोळे उघडे, पण आम्हाला ओळखेना. दोन्ही हातांनी हवेत तार गुंडाळत होता. डाव्या हाताने ताण धरलेला, उजवा गोल फिरतोय, आणि तोंडाने वेढे मोजणं चाललंय. मध्येच चुकला की चिडायचा, पुन्हा एकपासून सुरू. त्याला भिंतीवरून तारा उतरताना दिसत होत्या. शेजारच्यांची गाडी घेतली आणि साताऱ्याला सिव्हिलमध्ये नेलं.

१२ जून

वॉर्डात. सलाइनमध्ये ग्लुकोज सोडण्याआधी थायमिनचं इंजेक्शन दिलं. हे ब जीवनसत्त्व पिणाऱ्यांच्या अंगात बऱ्याचदा कमी असतं, आणि ते नसताना ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कंपासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, रोज थोडं कमी करत न्यायचं. आज त्याने मला ओळखलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, “हा उपचार नव्हे, ही उपचाराची तयारी. इथून थेट घरी नेलंत तर पुन्हा इथेच याल.”

१४ जून

कुठे ठेवायचं? चुलतभावाने एक ठिकाण सांगितलं. जीप घेऊन येतात, चार माणसं उचलून नेतात, तीन महिने भेट नाही, फोन नाही. मी फोनवर विचारलं, रात्री डॉक्टर असतो का? उत्तर आलं, “डॉक्टरचं काय काम, इथे शिस्त असते.” त्या रात्री घरी जे पाहिलं ते तिथे झालं असतं तर धाकट्याचं काय झालं असतं?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. म्हणजे रुग्णाला ठेवून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी हवी. साखळीने बांधायला मनाई आहे. घरच्यांशी बोलण्याचा रुग्णाला हक्क आहे. कुठल्याही केंद्राला हे आधी विचारावं, फीचं नंतर.

१४४४६ या केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही बोलले. जवळच्या सोयींची विचारपूस तिथे करता येते. एम्सच्या २०१९ च्या पाहणीत होतं की दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एखाद्यालाच काही ना काही मदत मिळते. बाकीच्या सदतीस घरांत काय चालत असेल ते आमच्या घरावरून कळतं.

१५ जून

सगळे म्हणतात पुणे, मुक्तांगण. त्या नावाबद्दल मनात आदर आहेच. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पुढे आले, आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये येरवड्याला व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे नव्यांना हात देतात. धाकटा तिथे बरा होईलही. पण महिनाभराने तो कोरेगावलाच येणार. त्याच दुकानात, त्याच चौकात. मग दर आठवड्याला पुणे कोण करणार? एक दिवसाची मजुरी, दोन तिकिटं, आणि “या वेळी राहू दे” म्हणायला सोपं कारण. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था आहे, सिव्हिल आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. एसटीने जाऊन जेवायला घरी. साताऱ्यातच उपचार घ्यायचं ठरलं. धाकट्याला विचारूनच.

२१ जून

वटपौर्णिमा. भावजय वड पुजून तशीच नऊवारीत माझ्याबरोबर साताऱ्याला कुटुंबीयांच्या सभेला आली. तिथल्या बाईंनी तिला नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, “तुम्ही रात्री झोपता का?” ती ढसाढसा रडली. गिऱ्हाइकांना खोटं सांगणं, बाटल्या शोधणं, मुलांना आधी जेवू घालून आत कोंडणं, सगळं बाहेर आलं. खोटं सांगणं थांबवा, एवढंच त्यांनी सांगितलं. परत येताना एसटीत म्हणाली, “वन्सं, मला वाटलं मलाच रागावतील.”

तिथेच ऐकलं, अमेरिकेत १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत राहून सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ त्यानंतर, १९५१ मध्ये. पहिल्यापासून घरच्यांचाही विचार व्हायला हवा होता, असं मला तीव्रतेने वाटतं.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. मिरवणुकीत मंडळाच्या पोरांनी धाकट्याच्या हातात ग्लास दिला, त्याने घेतला. आई कपाळावर हात मारून बसली, “गेलं सगळं पाण्यात.” मामा म्हणाले, पैसे वाया.

धाकटा सकाळी सातच्या एसटीने साताऱ्याला गेला. कुणी पाठवलं नाही. एकटा गेला, भावजयीला सांगून.

समुपदेशक रागावले नाहीत. स्लिप होणं या आजारात नवं नाही, किती लवकर परत आलात ते महत्त्वाचं, म्हणाले. मग बारीक चौकशी: ग्लास कोणी दिला, त्याआधी जेवण झालं होतं का, खिशात पैसे किती होते? त्यातून निघालं की बाजाराच्या दिवशी मोटारीचे रोख पैसे हातात येतात, तेव्हा त्याला सर्वांत जास्त ओढ लागते. पैसे यापुढे थेट बायकोच्या खात्यात जावेत, हे त्यानेच सुचवलं. मिरवणुकीला पुढच्या वर्षी जायचं नाही, हेही त्याचंच.

भावजयीने बँकेतून क्यूआर कोडचा बोर्ड मागवला आहे. गुरुवारी तो पुन्हा साताऱ्याला जाईल, या वेळी दोघं मिळून.